‘फॉरमॅट मारावं लागंल’

साधारण २००० ते २०१५ या काळात बीड जिल्ह्यात ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता, त्यांना हे वाक्य पाठ आहे. मशीन हळू झालं, फॉरमॅट. व्हायरस आला, फॉरमॅट. एखादा प्रोग्राम टाकताही येईना आणि काढताही येईना, तरी फॉरमॅटच. दुकानातून दुसऱ्या दिवशी मशीन कोरं करकरीत होऊन यायचं. डेस्कटॉप आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ या दोन्ही जागा सी ड्राइव्हवरच असतात, हे पुष्कळांना त्या दिवशी पहिल्यांदा कळायचं. लग्नाचे फोटो, प्रोजेक्ट, श्रीलिपीत टाइप केलेले अर्ज असं सगळं पुसलेलं असायचं.

दुकानदार अडाणी होते म्हणून असं व्हायचं, असं आज म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. जगभरातले प्रोग्रामर १९९० च्या दशकापासून मोडलेलं सॉफ्टवेअर पुसून न टाकता दुरुस्त करण्याची साधनं घडवत होते. ती साधनं चालायला तीन गोष्टी लागतात: मशीनवर काय काय आहे याची नोंद, प्रत्येक गोष्टीची एक शाबूत प्रत आणि त्या प्रतीपर्यंत पोहोचायचा रस्ता. आपल्याकडे यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट बराच काळ नव्हती. म्हणून पहिलीचीही किंमत राहिली नाही. त्यातून एक सवय पडली आणि ती सवय आज तुमच्या हातातल्या फोनपर्यंत आली आहे.

सातबारा आणि सामाईक विहीर

सॉफ्टवेअर टाकणं म्हणजे एक फाइल आणून ठेवणं, असं वाटतं. प्रत्यक्षात एका प्रोग्रामच्या शेकडो फाइली वेगवेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात. शिवाय बहुतेक प्रोग्राम काही फाइली वाटून घेतात. अक्षरं पडद्यावर काढणारी, फोटो उघडणारी, नेटला जोडणारी लायब्ररी एकच असते आणि ती दहा प्रोग्राम वापरतात. शेतातल्या सामाईक विहिरीसारखं हे आहे. चार भावांचं पाणी एकाच विहिरीवर. त्यातला एक जण जाताना मोटार काढून घेऊन गेला, तर उरलेल्या तिघांचं पीक वाळतं.

१९९० च्या दशकात विंडोजवर हेच रोज घडत होतं. नवा प्रोग्राम आला की तो सामाईक फाइलीवर आपली आवृत्ती टाकायचा आणि जुना बंद पडायचा. एखादा प्रोग्राम काढला की जाताना दुसऱ्याची फाइलही घेऊन जायचा. या फाइलींना डीएलएल म्हणतात आणि त्या गोंधळाला प्रोग्रामर मंडळींनी ‘डीएलएल हेल’, म्हणजे डीएलएलचा नरक, असं नाव दिलं होतं.

यावर उपाय एकच, तो म्हणजे नोंद. कोणती फाइल कुणाची, कुणाचा हिस्सा किती, कोण कुणावर अवलंबून. जमिनीला सातबारा असतो आणि प्रत्येक बदलाला फेरफार असतो, तसंच. सॉफ्टवेअरची ही नोंदवही सांभाळणाऱ्या प्रोग्रामला पॅकेज मॅनेजर म्हणतात. मशीनवरचा तो तलाठीच. फाइली जागेवर आहेत पण नोंद नाही, तर तुम्ही प्रोग्राम काढू शकत नाही. नोंद आहे पण फाइली नाहीत, तर नवा टाकू शकत नाही, कारण मशीन म्हणतं, ‘तो तर आधीच आहे.’ दोन्हीकडून अडकलेली ही अवस्था म्हणजेच दुकानदाराच्या भाषेत ‘विंडोज करप्ट झालं’.

दोन घराणी

अशा नोंदवहीचा विचार दोन ठिकाणी वेगळ्या तऱ्हेने झाला.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियन नावाच्या लिनक्सची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, या दोन नावांतून डेबियन हे नाव आलं. जगभर विखुरलेले स्वयंसेवक एकेक तुकडा बांधणार आणि ते सगळे तुकडे एकाच मशीनवर भांडण न करता नांदले पाहिजेत, अशी ही कल्पना होती. हे नोंदवहीशिवाय शक्यच नव्हतं. १९९४ मध्ये डीपीकेजी हा प्रोग्राम आला आणि लवकरच इयन जॅक्सन यांनी तो नव्याने लिहिला. पुढे १९९८ मध्ये एपीटी आला. एखाद्या प्रोग्रामला आणखी काय काय लागतं ते शोधून नेटवरून किंवा सीडीवरून आपोआप आणणं, हे त्याचं काम. मार्च १९९९ मधल्या डेबियन २.१ पासून तो सर्वांच्या हाती आला. आजच्या उबुंटूच्या पोटात हीच जोडी आहे. पडद्यावर दिसणारं ‘सॉफ्टवेअर’चं दुकान म्हणजे बराच काळ मुख्यतः या जोडीवर चढवलेला दर्शनी भाग होता.

विंडोज ९५ मध्ये ‘ॲड/रिमूव्ह प्रोग्राम्स’ ही यादी आली होती. पण प्रोग्राम काढण्याचं काम ज्याचं त्याने करायचं होतं. यादी फक्त बोट दाखवायची. १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर मायक्रोसॉफ्टने विंडोज इन्स्टॉलर आणला. त्यात खरी नोंद होती आणि ‘रिपेअर’ असं बटणही होतं. हा इन्स्टॉलर टाकलेल्या प्रत्येक प्रोग्रामची एक प्रत विंडोजच्या आत, इन्स्टॉलर नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्या फाइलींची नावं अगम्य असतात आणि आकार मोठा. सी ड्राइव्ह भरला की पुष्कळ जण तोच फोल्डर ‘कचरा’ समजून उडवायचे. मग काही दिवसांनी प्रोग्राम अपडेटही होईना आणि निघेनाही. मायक्रोसॉफ्टने अशा अडकलेल्या नोंदी खरवडून काढायला क्लीनअप नावाचं एक साधन दिलं होतं. ते इतर प्रोग्रामच्या नोंदीही बिघडवतं असं दिसल्यावर २०१० मध्ये कंपनीने ते मागे घेतलं. नोंदवही दुरुस्त करणं किती नाजूक काम आहे, हे त्यावरून कळावं.

सीडी कुणाची?

आता बीडकडे येऊ. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि पुढच्या काही वर्षांत एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यात निघाले. केज, धारूर, गेवराई, माजलगाव इथल्या मुलामुलींनी पहिल्यांदा माउस हातात धरला तो बहुधा अशाच एखाद्या वर्गात. घरोघरी आलेल्या मशीनवर विंडोज एक्सपी असायचं. ते २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आलं होतं आणि आपल्याकडे दहा-बारा वर्षं टिकलं.

एक्सपीत दुरुस्तीची सोय होती. सिस्टिम फाइल चेकर नावाचा प्रोग्राम विंडोजच्या प्रत्येक मूळ फाइलची तपासणी करायचा आणि बिघडलेली सापडली की म्हणायचा: मूळ सीडी टाका. गाडी इथेच अडायची. घरी सीडी नसायची. दुकानात असायची ती कॉपीची कॉपी, तिच्यात कुणीतरी आपल्या मनाने बदल केलेले. मशीनवर सर्व्हिस पॅक दोन आणि सीडी त्याच्या आधीची, असं झालं की चेकर ती सीडी नाकारायचा. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०११ मध्येही भारतातलं ६३ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होतं. हा आकडा विक्रेत्यांच्या बाजूचा आहे, तरी आपल्या तालुक्याच्या गावात तो कमीच वाटला असता.

त्यात २००५ पासून मायक्रोसॉफ्ट अस्सल-नक्कल तपासायला लागलं. नक्कल निघाली तर बरेचसे अपडेट मिळायचे नाहीत आणि पुढे तर पडदा काळा व्हायचा. म्हणून दुकानदार नवं विंडोज टाकल्याबरोबर ऑटोमॅटिक अपडेट बंद करून द्यायचे. म्हणजे मशीन पहिल्या दिवसापासूनच दुरुस्तीच्या रस्त्यावरून खाली उतरलेलं.

याचा फटका थेट मराठीला बसला, हे फारसं कुणी सांगत नाही. एक्सपीत देवनागरी नीट दिसण्यासाठी भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागायची आणि ती केली की मशीन पुन्हा मूळ सीडी मागायचं. सीडी नाही, तर युनिकोड मराठीच्या जागी चौकोन दिसायचे किंवा वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटायच्या. ‘इंटरनेटवर मराठी चालत नाही’ असं जे अनेकांचं मत झालं, त्यामागे काही वेळा एवढंच कारण होतं: एक न बसवलेला तुकडा आणि हाताशी नसलेली सीडी.

लिनक्सकडे परवान्याची अडचण नव्हती, रस्त्याची होती. एपीटी नेटवरून सगळं आणतो. पण आपल्याकडे नेट म्हणजे डायल-अप किंवा कॅफेतला तासाचा हिशेब. यावर लोकांनी वाटा काढल्या. उबुंटूमागची कॅनोनिकल ही कंपनी २०११ पर्यंत मागेल त्याला सीडी फुकट पोस्टाने पाठवायची. मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या. आणि रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकाने एपीटी-ऑफलाइन नावाचं साधन लिहिलं. त्याची युक्ती साधी होती. घरचं मशीन ‘मला काय काय हवं’ याची छोटी यादी करून देतं. ती पेन ड्राइव्हवर घालून कॅफेत जायचं. तिथलं मशीन, मग ते विंडोजचं का असेना, यादीप्रमाणे सगळं उतरवून घेतं. घरी येऊन पेन ड्राइव्ह जोडला की काम झालं. ज्यांच्या घरी नेट नाही त्यांची गरज ओळखून केलेलं हे काम होतं. ते फार थोड्यांपर्यंत पोहोचलं.

लाइट

नोंदवही बिघडायचं आपल्याकडचं नेहमीचं कारण कुठल्याही परदेशी पुस्तकात ठळकपणे सापडणार नाही. ते म्हणजे लाइट जाणं.

परळीला १९७१ पासून औष्णिक वीज केंद्र आहे. वीज जिल्ह्यात तयार व्हायची आणि जिल्ह्यातच भारनियमन असायचं. २०१३ च्या फेब्रुवारीत तर दुष्काळामुळे पाणी नाही म्हणून ते केंद्रच बंद ठेवावं लागलं. इन्व्हर्टर किंवा चांगला यूपीएस ज्याला परवडतो त्याचं ठीक. इतरांचं मशीन काम चालू असतानाच बंद पडायचं.

प्रोग्राम बसवताना मशीन दोन कामं करतं: फाइली ठेवतं आणि नोंद करतं. या दोहोंच्या मध्ये लाइट गेली, तर खरेदीखत झालं पण फेरफार झाला नाही, अशी स्थिती होते. डीपीकेजी लिहिणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. त्यामुळे त्यांच्या नोंदवहीत ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढे दोनच शेरे नसतात. ‘अर्धा बसवला’, ‘उघडून ठेवला पण जुळवला नाही’, ‘जुळवणी अर्धवट’ असेही शेरे असतात. लाइट परत आल्यावर कुठून पुढे जायचं, ते त्यावरून कळतं.

तरीही घोळ व्हायचे. २००९ मध्ये लिनक्सची ईएक्सटी-४ ही नवी फाइल व्यवस्था पसरू लागली, तेव्हा वीज गेल्यावर काही फाइलींचं नाव शिल्लक आणि आत शून्य बाइट, असा प्रकार अनेकांना दिसला. वेग वाढवण्यासाठी ही व्यवस्था मजकूर डिस्कवर उतरवायला थोडा उशीर करायची. त्यावर बरीच वादावादी झाली आणि डीपीकेजीमध्ये ‘डिस्कवर खरंच उतरल्याची खात्री केल्याशिवाय पुढे जायचं नाही’ अशी काळजी वाढवली गेली. त्याने काम हळू झालं, पण सुरक्षित झालं.

दुरुस्ती कशी होते

गेल्या वर्षी अंबाजोगाईला माझ्या भाच्याने जुना लॅपटॉप पुढे केला. “मावशी, सॉफ्टवेअरचं दुकानच उघडंना. फॉरमॅट मारावं लागंल म्हणलेत.” बॅटरी मेलेली, मशीन फक्त वायरवर चालणारं, उबुंटूचा अपडेट चालू असताना लाइट गेलेली. आत त्याच्या आईच्या बचत गटाचे तीन वर्षांचे हिशेब होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

आम्ही पहिल्यांदा हिशेब पेन ड्राइव्हवर काढले. दुकान बंद असलं तरी गाव चालू असतं. पॅकेज मॅनेजर मोडला म्हणून तुमच्या फाइली मोडत नाहीत. मग काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, अपडेट करायला सांगितलं. मशीन इंग्रजीत म्हणालं, डीपीकेजीचं काम मध्येच तुटलंय, अमुक आदेश द्या. उपाय त्याने स्वतःच लिहून दिला होता. तो आदेश दिला. अर्धवट राहिलेली पॅकेजं एकेक करून जुळली. एकाची फाइलच खराब निघाली. तेवढं पुन्हा उतरवलं आणि एपीटीला ‘मोडलेलं जोडून घे’ असं सांगितलं. अर्ध्या तासात दुकान उघडलं.

हे सोपं प्रकरण होतं. पण अवघड प्रकरणांसाठीही पायऱ्या आहेत आणि त्या कशा रचल्यात, ते बघण्यासारखं आहे.

समजा एपीटीच गायब झाला. डीपीकेजी त्याच्या खाली स्वतंत्र उभा असतो. दुसऱ्या मशीनवरून, अगदी फोनवरूनही, एपीटीचं पॅकेज उतरवायचं आणि डीपीकेजीकडून बसवून घ्यायचं. ते आपल्याच आवृत्तीचं असलं पाहिजे, एवढं पाहायचं.

समजा डीपीकेजीही गेला. डेबियनचं पॅकेज म्हणजे एक गाठोडं असतं. ‘एआर’ आणि ‘टार’ या युनिक्सच्या अगदी जुन्या, साध्या साधनांनी बांधलेलं. त्याच साधनांनी ते हाताने सोडता येतं. दाराचं कुलूप बिघडेल हे धरूनच कडी बाहेरून काढता येईल अशी ठेवलेली.

समजा नोंदवहीच कोरी झाली. तिची आदली प्रत शेजारीच असते. शिवाय गेल्या काही दिवसांच्या प्रती बॅकअपच्या फोल्डरमध्ये आपोआप जमा होत असतात. त्यातली सर्वांत ताजी शाबूत प्रत जागेवर ठेवायची. आणि तीही नसेल तर? डेबियनचा नियम आहे की प्रत्येक पॅकेजने आपल्या परवान्याची माहिती ठरलेल्या जागी ठेवलीच पाहिजे. त्या जागेवरची नावं वाचली की मशीनवर काय काय होतं, याची यादी पुन्हा उभी करता येते. दप्तर जळालं तर शिवारात फिरून बांध पाहावेत, तसं.

विंडोजही या वाटेने आलं. आधी सीडी मागणारा तो चेकर पुढे मशीनवरच राखलेल्या साठ्याशी ताडून पाहू लागला. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो साठाच बिघडला तर डीआयएसएम नावाचं साधन नेटवरून ताज्या फाइली आणून तो भरून काढतं. म्हणून क्रम असा: आधी डीआयएसएम, मग चेकर. आधी मूळ प्रत शुद्ध, मग तिच्यावरून दुरुस्ती.

शुद्ध प्रत

मूळ प्रत शुद्ध, हे शब्द आपल्याला नवे नाहीत. गोदावरीच्या पलीकडे पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचं संशोधन केलं. तीनशे वर्षं हातांनी नकला होत होत पाठ बिघडला होता. कुठे शब्द बदललेले, कुठे कुणी आपल्या ओव्या घुसडलेल्या. त्यांनी पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी यात आपली भर घालू नये, असं बजावलं. एवढा मोठा कवी, पण त्यांनी जुनं पुसून नवं लिहिलं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये ही ‘घुसडलेली ओवी’ ओळखायची कशी, हा प्रश्न डेबियनपुढे नोव्हेंबर २००३ मध्ये ठाकला. त्यांच्या काही सर्व्हरमध्ये कुणीतरी घुसलं होतं. पॅकेजांचा साठा वाचला, पण धोका सर्वांना दिसला. एप्रिल २००७ च्या डेबियन ४.० पासून एपीटी आणलेल्या मालावरची डिजिटल सही तपासू लागला. ती सही फाइलीच्या मजकुरावरून ठरते, त्यामुळे एक अक्षर बदललं तरी जुळत नाही. माल कुठल्या सीडीवरून आला, कुणाच्या पेन ड्राइव्हवरून आला, याला मग महत्त्व राहत नाही. आपल्या दुकानातल्या सीडीत नेमकी हीच गोष्ट नव्हती. ती कुणी बदलली, काय बदललं, हे सांगणारी सही कुठेच नव्हती.

आता फोनवर

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि रस्त्याचा प्रश्न बराचसा मिटला. त्याच्या आधीच, २००८ मध्ये, आयफोनचं ॲप स्टोअर आणि अँड्रॉइडचं मार्केट आलं होतं. आज तुम्ही प्ले स्टोअरमध्ये ‘अपडेट’ दाबता, तेव्हा नोंद, शाबूत प्रत आणि सही या तिन्ही गोष्टी मागे काम करत असतात. अँड्रॉइडवर ॲपचा अपडेट आधीच्याच सहीचा नसेल, तर फोन तो नाकारतो.

पण सवय टिकून आहे, फक्त शब्द बदलला. प्ले स्टोअर उघडेना, की सल्ला मिळतो: रीसेट मारा. त्याची गरज फार क्वचित असते. सेटिंगमध्ये प्ले स्टोअर बंद झालंय का ते पाहा. त्याची साठवण साफ करा. तरी नाही झालं, तर त्याचे अपडेट काढून टाका. फोन कारखान्यातून आला तेव्हाची प्रत आत राखलेली असते, तिच्यावर तो परत जातो आणि नव्याने अपडेट होतो. फोटो, मेसेज कशालाही हात लागत नाही.

दुसरी सवय जास्त घातक आहे, ती म्हणजे कुणीही दिलेली प्रत बसवून घ्यायची. तेव्हा सीडी होती, आता व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल. दंडाचं चलन, पीएम किसानचा हप्ता, लग्नाची पत्रिका, कशाच्याही नावाने ती येते आणि बँकेचं खातं रिकामं करून जाते. फोन ‘अनोळखी ठिकाणाहून आलंय’ असं विचारतो, तेव्हा तो मालाचा मूळ धनी कोण, हेच विचारत असतो. आपल्याला मात्र पंधरा वर्षं ‘येस’ दाबायची सवय लागलेली.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुमचं मशीन किंवा फोन पुसायचं म्हणालं, तर आधी आपल्या फाइली बाहेर काढून घ्या. मग विचारा: नेमका संदेश काय आला? जे मोडलंय त्याची शाबूत प्रत कुठे मिळेल? ती मूळ जागेवरूनच आलीये, हे कशावरून? उत्तरं मिळाली तर फॉरमॅटची वेळ बहुतेकदा येत नाही. डिस्कच मरायला टेकली असेल किंवा व्हायरस मुळापर्यंत गेला असेल, तर येतेही. तेव्हा खुशाल फॉरमॅट मारा, हिशेब पेन ड्राइव्हवर आहेत ना, एवढं पाहून.